लक्षद्याचा सरावपाठ

आमच्या इमारतीत तिला सगळे लक्षद्या म्हणत. तोंडावर नाही, पण तिला ते ठाऊक होतं. बस स्टँडवर गाड्यांच्या घोषणा करायचं तिचं काम, आणि तिची प्रत्येक घोषणा 'प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे' या वाक्याने सुरू व्हायची. आवाज स्वच्छ, शब्दन् शब्द सुटा. तो आवाज न ऐकलेला माणूस गावात सापडायचा नाही, आणि त्या आवाजाच्या बाईला ओळखणाराही सापडायचा नाही. दुकानात ती शेजारी उभी राहून साबण मागत असली तरी कोणाला कळायचं नाही, कारण दुकानात ती अगदी पुटपुटल्यासारखं बोलायची.

मी तिच्या खालच्या मजल्यावर राहते. प्राथमिक शाळेत उभी हयात घालवली, शेवटची काही वर्षं मुख्याध्यापिका होते. नोकरीतून निवृत्त झाले तरी माझा स्वभाव निवृत्त झालेला नाही, असं माझी धाकटी बहीण म्हणते. म्हणू दे. स्पष्ट बोलायची खोड या वयात जायची नाही. लक्षद्याबद्दलही स्पष्टच सांगते: इतकं एकटं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही, आणि आरशात तर मी रोज बघते.

तिचे वडील बसचालक होते. ते अचानक गेले तेव्हा तिची शाळा नुकती संपली होती आणि ती कॉलेजात नाव घालायच्या बेतात होती. खात्याने वडिलांच्या जागी घरातल्या एकाला घ्यायचं कबूल केलं. थोरला भाऊ आधीच दुसऱ्या शहरात नोकरीला चिकटलेला, म्हणून ही. पुढे आईला अर्धांगाचा झटका आला आणि तिची वाचा गेली. म्हणजे बघा, दिवसभर काचेच्या केबिनमध्ये बसून एवढ्या माणसांशी बोलायचं, त्यातल्या एकाचंही उत्तर येत नाही. घरी येऊन आईशी बोलायचं, तिथूनही नाही. आई होती तोवर निदान तिचे डोळे तरी काहीबाही सांगायचे. ती गेली आणि वरच्या खोलीतलं बोलणंच संपलं.

एका दुपारी ती माझ्या दारात येऊन उभी राहिली.

"बाई, तुमच्याकडे वेळ आहे का?"

माझ्याकडे वेळेशिवाय दुसरं काय आहे! मी तिला आत घेतलं, चहा ठेवला. ती खुर्चीच्या टोकावर बसली, चहा पार गार होईपर्यंत कपाकडे बघत राहिली आणि मग एकदम म्हणाली, "मला पहिली-दुसरीच्या मुलांना शिकवायचंय. या वयात होईल?"

पस्तिशी उलटलेली बाई. मी म्हटलं, "न व्हायला काय झालं? पण हे खूळ आलं कुठून?"

तिने सांगितलं ते ऐकून मला हसावं की रडावं कळेना. स्टँडवर एखादं मूल चुकलं की पोलीस किंवा हमाल ते उचलून तिच्या केबिनमध्ये आणून ठेवत. तिथली पद्धतच तशी. मुलाच्या अंगावर कोणत्या रंगाचे कपडे आहेत ते ती माइकवरून सांगायची, आणि आईबाप धापा टाकत येईपर्यंत मूल तिच्या स्टुलावर बसायचं. खणात बिस्किटं ठेवलेली असायची. रडणं ओसरलं की ती त्याला काचेतून गाड्यांच्या पाट्या दाखवायची, पाटीवरचं एखादं अक्षर ओळखायला लावायची. तेवढ्यात आई यायची, पोराला आधी एक धपाटा घालायची, मग पोटाशी धरायची आणि घेऊन जायची.

"आभार मानायचं कोणाच्या ध्यानात राहत नाही, आणि मला ते नकोही असतं," ती म्हणाली. "पण बाई, अख्ख्या दिवसात माझ्याशी कोणी बोलत असेल तर ती हरवलेली पोरं. मी काही विचारलं की ती सांगतात. सकाळी कामावर जाताना माझ्या मनात येतं, आज एखादं हरवू दे. हे वाईट आहे ना?"

"वाईट आहेच," मी म्हणाले. "पण याहून वाईट कारणं घेऊन शिक्षक झालेले मी पाहिलेत. एक गृहस्थ तर केवळ उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी आले होते."

ती हसली. इतकी वर्षं जिन्यात येता-जाता भेटत होतो, पण तिला हसताना मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं.

घाईचं कारण वेगळंच होतं. खात्याने घोषणांसाठी यंत्र आणलं होतं. तिला एका बंद खोलीत बसवून सगळ्या गावांची नावं, सगळे आकडे, 'वेळेवर', 'उशिराने' असे सुटे सुटे शब्द बोलून घेतले होते. आता यंत्र ते शब्द हवे तसे जोडणार. "तुमचा आवाज आता कधी बसणार नाही, आणि रजाही मागणार नाही," असं म्हणत साहेबांनी तिचं अभिनंदन केलं होतं. आवाज जागेवर राहिला, बाईला मात्र पार्सलच्या गोदामात टेबल दिलं. गोदामात पोरं हरवत नाहीत.

शिक्षिका व्हायचे रस्ते तिच्यापुढे दोन होते. एक, चार वर्षांची प्राथमिक शिक्षणाची पदवी. त्यात पहिल्या वर्षापासून दर आठवड्याला शाळेत जाऊन मुलांसमोर उभं राहायचं. पण कॉलेज दुसऱ्या शहरात, वसतिगृहात राहायचं, नोकरी सोडायची, कोवळ्या पोरींच्या रांगेत बसायचं, आणि प्रवेशाआधी परीक्षकांदेखत एक पाठ घेऊन दाखवायचा. दुसरा रस्ता घरबसल्या पदवीचा. विषय कोणताही घ्या, मोबाइलवर तास ऐका, परीक्षेपुरतं जा, आणि पदवी हातात आली की मग शिकवण्याचं प्रशिक्षण वेगळं करा. वेळ जास्त, पण नोकरी शाबूत आणि खोलीही शाबूत.

ज्याला त्याला दुसराच रस्ता पसंत होता. स्टँडवरच्या चौकशी खिडकीवाल्याला, इमारतीच्या मालकाला, आणि तिच्या दादाला तर विचारायलाच नको. "सरकारी नोकरीवर लाथ मारतं का कोणी?" हे त्याचं तुणतुणं प्रत्येक फोनवर वाजायचं.

आणि मला? मलाही दुसराच बरा वाटत होता. पण माझं कारण शिक्षणशास्त्रातलं नव्हतं. त्या दुपारनंतर ती रोज खाली यायला लागली होती. दुसरी पाळी असेल तर जाण्याआधी, पहिली असेल तर आल्यावर. ती पाय पोटाशी घेऊन खुर्चीत बसायची, मी तिला वर्गातल्या गमतीजमती सांगायचे, आणि माझ्या लक्षात यायचं की आज मी मोठ्याने हसले. ती गेली तर माझ्याकडे येणारं माणूस म्हणजे दूधवाला, आणि तोही पिशवी दाराला अडकवून जातो. मला ती जायला नको होती. हे तिला कळू न देता मी म्हटलं, "आधी एक सरावपाठ घेऊन बघ. मग ठरव."

माझ्या जुन्या शाळेची आताची मुख्याध्यापिका माझ्याच हाताखाली तयार झालेली. तिने पहिलीचा वर्ग दिला. लक्षद्याने विषय निवडला 'वाहने'. तिचा आवाज वर्गात घुमला मात्र, आणि मोठमोठ्या साहेबांना भीक न घालणारी ती पोरं चिडीचूप झाली. मुख्याध्यापिकेने माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. मी मनात म्हटलं, हिला आपण काय शिकवणार!

मग हळूहळू डोक्यात प्रकाश पडायला लागला. ती मुलांकडे बघतच नव्हती. समोरच्या भिंतीवर, छताच्या जरा खाली, स्टँडवर जिथे कर्णे टांगलेले असतात तिथे नजर लावून बोलत होती. "बस कुठे थांबते? बस थांब्यावर थांबते. बस थांब्यावर थांबते." प्रत्येक वाक्य दोनदा. प्रश्न विचारायची आणि त्याच दमात उत्तरही देऊन टाकायची. शेवटच्या बाकावर दोन वेण्यांची एक मुलगी हात वर करून बसली होती. हात भरून आला तसा तिने तो दुसऱ्या हाताने धरून ठेवला. लक्षद्याला तो दिसला नाही. पाठ संपला, आणि संपल्याच्या आनंदात तिच्या तोंडून निघून गेलं, "प्रवाशांनी आपापल्या सामानाची काळजी घ्यावी."

पोरांनी झटकन दप्तरं छातीशी धरली. पहिल्या बाकावरची तर उठून दाराशी रांगेत उभी राहिली. मुख्याध्यापिका तोंडावर रुमाल दाबून बाहेर पळाली. मलाही हसू आवरेना. पण लक्षद्याचा चेहरा बघितला आणि मी उठून पोरांना जागेवर बसवायला लागले.

शाळेपासून घरापर्यंत ती माझ्यापुढे दोन पावलं चालत होती. कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या दुकानाशी आल्यावर वळून म्हणाली, "नकोच ते, बाई. चार वर्षं रोज अशी शोभा करून घ्यायची? मी घरबसल्याच करते."

मला नुसतं 'बरं' म्हणायचं होतं. एवढं एक 'बरं', की ती वर राहिली असती, संध्याकाळी खाली आली असती, आणि मी तिला अभ्यासात मदत केली असती. शब्द अगदी ओठावर आला होता. पण आयुष्यभर मी होतकरू शिक्षकांच्या पाठांवर शेरे मारले, आणि ओळखीपाळखीसाठी खोटा शेरा एकदाही मारला नाही.

"त्या मागच्या बाकावरच्या मुलीला काय सांगायचं होतं, माहीत आहे?" मी म्हटलं. "मी तिला नंतर विचारलं. तिचे बाबा बस चालवतात. सगळा पाठभर हात वर करून बसली होती, तेवढंच सांगायला."

ती रस्त्यातच उभी राहिली. मागून एक सायकलवाला घंटी वाजवत, काहीतरी बडबडत निघून गेला.

"मला दिसली कशी नाही ती?"

"तू उत्तरासाठी थांबत नाहीस. घोडं तिथं अडलंय. आवाजाला नाव ठेवायला जागा नाही, बोलणं स्वच्छ आहे. पण विचारल्यावर थांबावं लागतं गं."

"माइकवर इतकी वर्षं कोणी उत्तर दिलंच नाही, बाई. थांबून काय करायचं?"

"म्हणूनच सांगते. घरी बसून मोबाइलवरचे तास ऐकशील, तिथेही एकजण बोलत राहणार आणि दुसऱ्याने गप्प बसायचं. तू पहिल्या श्रेणीत पास होशील. आणि मग एक दिवस खऱ्या वर्गात उभी राहून भिंतीशी बोलशील. ही खोड घरात बसून जायची नाही. ती पोरंच काढतील, आणि लवकर काढतील. चार वर्षांचा रस्ता धर."

बोलून तर गेले. पुढे घरापर्यंत मीच तिच्या मागे राहिले, म्हणजे माझं तोंड तिला दिसायला नको.

त्यानंतर आम्ही सराव सुरू केला. तिने मला प्रश्न विचारायचा आणि ओठ मिटून बसायचं, एवढाच. पहिल्या संध्याकाळी तिने विचारलं, "बाई, तुम्ही आज दिवसभर काय केलंत?" साधा प्रश्न. पण दिवसभर मी काय केलं हे मला बऱ्याच दिवसांत कोणी विचारलं नव्हतं. मी आठवायला लागले. कपडे वाळत घातले होते, ते काढले होते. खिडकीतून समोरच्या घराची रंगरंगोटी बघितली होती. आणखी काय? ती दोन्ही हातांनी खुर्ची गच्च धरून थांबली होती. तिच्याच्याने राहवेना. "कपडे धुतले असतील! कपडे—" तिने स्वतःच्या तोंडावर हात मारला, आणि आम्ही दोघी हसत सुटलो. पुढे तिला जमायला लागलं. मला मात्र तिला सांगण्यापुरतं काहीतरी दिवसभरात करावं लागायचं, म्हणून मी पुन्हा फिरायला जायला लागले.

दादाचा फोन आला तेव्हा ती माझ्याकडेच होती. फोनचा आवाज मोठा, त्यामुळे मलाही सगळं ऐकू येत होतं. नोकरी सोडायचं ऐकून तो उसळला. "या वयात वसतिगृहात? लोक काय म्हणतील? आणि आजारी पडलीस तर बघायला कोण आहे तिथं?"

"इथं कोण आहे, दादा?" तिने विचारलं.

आणि थांबली. फोनमधून दादाच्या घरातला पंखा ऐकू येत होता, वहिनीने भांडं ठेवल्याचा आवाज ऐकू आला. माझाच जीव टांगणीला लागला, पण ती हलली नाही. मी शिकवलेलं ती माझ्यापेक्षा नेटाने करत होती.

"बरं," दादा शेवटी म्हणाला. त्याचा आवाज उतरला होता. "कर तुला वाटतं ते. कळवत जा."

प्रवेशाचा पाठ द्यायला ती एकटीच गेली. परतली ती हातातली पिशवी न ठेवताच माझ्या दारात. चेहऱ्यावरून काही कळेना. मी तिला पाणी दिलं.

"विषय दिला 'आपलं घर'," ती सांगायला लागली. "मी मुलांना विचारलं, तुमच्या घरी कोण कोण आहे? आणि थांबले. कोणी तोंडच उघडेना, बाई. एक परीक्षक घड्याळ बघायला लागले. मला दरदरून घाम. भिंतीकडे बघावंसं वाटत होतं, पण नाही बघितलं. मग एक मुलगा म्हणाला, आमच्याकडे आजोबा आहेत, ते घोरतात. झालं! सगळ्यांना कंठ फुटला. कोणाचे आजोबा जास्त घोरतात यावर भांडणं. मग पुढच्या बाकावरच्या एकीने मलाच विचारलं, तुमच्या घरी कोण आहे?"

"मग?"

"मी म्हटलं, माझ्या घरी कोणी नाही. खाली एक बाई आहेत."

मी चष्मा काढून पुसायला घेतला.

"मग ती म्हणाली, त्या तुमच्या कोण?"

"काय सांगितलंस?"

"सुचेना काही. सगळा वर्ग माझ्या तोंडाकडे बघत थांबला होता. तेवढ्यात घंटा झाली." तिने पिशवी मांडीवरून खाली ठेवली. "मला घेतलंय, बाई. तिथल्या तिथेच सांगितलं त्यांनी. पुढच्या सोमवारी हजर व्हायचंय."

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, आनंदाबरोबरच रडूही आलं, आणि ते मी तिच्यापासून लपवलं नाही. मी तिचा हात हातात घेतला. मग म्हटलं, "आता इथं घंटा नाही. सांग, मी तुझी कोण?"

विचारलं आणि मी थांबले. तिने बराच वेळ घेतला. एकदा तोंड उघडून पुन्हा मिटलं.

"नातं मला सांगता नाही येत," ती म्हणाली. "पण आई गेल्यापासून दुसऱ्या पाळीहून आले की मी जिन्यात मुद्दाम पाय आपटत चढते. मी घरी पोचले हे कोणाला तरी कळावं म्हणून. आणि खाली तुम्हीच होतात."

"कळत होतं मला," मी म्हणाले. "तू चढलीस की मग मी दिवा मालवायचे."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग उठून तिनेच चहा ठेवला.

सोमवारी ती गेली. सरावासाठी तिला पहिलीचाच वर्ग मिळाला आहे, पोरं तिला बोलू देत नाहीत, अशी तक्रार ती फोनवर आनंदाने करते. मी ऐकते, हसते, आज काय केलं ते सांगते. फोन ठेवल्यावर मात्र खोली फार शांत होते, आणि दिवा केव्हा मालवायचा हे मला अजून कळत नाही.